लॅम्बोर्गिनीनं पुढं काय करावं? (बैलवाल्यांनी अन् ट्रॅक्टरवाल्यांनी आवर्जून मत द्यावं)

क्लचप्लेट_कारंजा (रविवार, रात्री ९:१०)

राजेहो, नमस्कार. आपल्या कट्ट्यावर नेहमी सोयाबीनचा भाव, फवारणीचे पंप आणि कोणत्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक गळते याच गोष्टी चालतात. आज जरा वेगळा धागा काढून राहिलो, शिव्या देऊ नका.

परवा दुपारी समृद्धीवरून लॅम्बोर्गिनीची एक पिवळी उरुस, त्यांची जीपसारखी मोठी गाडी, खाली उतरली आणि हवा भरायला आमच्या बाजूच्या पंपावर थांबली. मी एका गिऱ्हाइकाची जळलेली क्लचप्लेट हातात धरूनच बाहेर आलो. मालक मोठा चांगला माणूस. बॉनेट उघडून दाखवलं. आत पाहतो तर झाकणंच झाकणं! ऑइल कुठं भरायचं तेवढं दिसते, इंजिन कुठं आहे ते अंदाजानं समजून घ्यायचं. पाच मिनिटांनी गाडी गेली. आवाज चांगला होता, पण अंगावर काटा आला नाही. लहानपणी आमच्या न्हाव्याच्या दुकानात याच कंपनीच्या जुन्या डायब्लो गाडीचं पोस्टर होतं, ते पाहून मात्र यायचा, आणि पोस्टरला तर आवाजही नव्हता.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. शेतकऱ्याच्या पोरानं १९४८ मध्ये लढाईच्या भंगारातून ट्रॅक्टर बनवले, १९६३ मध्ये मोटारीचा कारखाना काढला, ती ही इटलीची कंपनी. आता व्ही-१०, म्हणजे दहा सिलिंडरचं इंजिन, गेला. हुराकानच्या जागी तेमेरारियो आली, तिच्यात ४ लिटरचा व्ही-८, दोन टर्बो आणि तीन विजेच्या मोटरी. व्ही-१२ आहे, पण तोही रेवुएल्तोमध्ये तीन मोटरींच्या सोबतीनं. पूर्ण विजेवरची लान्झादोर २०२३ मध्ये दाखवली, आधी २०२८ म्हणाले, मग २०२९ म्हणाले. कंपनी बांधावर उभी आहे आणि कोणत्या वावरात उतरावं ते तिला ठरवता येत नाही, असं मला वाटते.

तुम्हाला काय पाहिजे या कंपनीकडून? माझं मत नंतर सांगतो.

सावजी_रस्सा (रविवार, रात्री ९:१८)

आधी घ्यायची ऐपत पाय बे, मंग दिशा दाखव. रेवुएल्तो ८ कोटी ८९ लाखाले आली होती भारतात, ते बी शोरूमच्या आतली किंमत. तेवढ्यात आपलं अख्खं गाव येते, पाटलाच्या वाड्यासकट.

क्लचप्लेट_कारंजा (रविवार, रात्री ९:२५)

@सावजी, विश्वचषकात कोणाला खेळवावं ते तू दर वेळी सांगतोस. तुझी निवड समितीत ऐपत आहे का?

सावजी_रस्सा (रविवार, रात्री ९:२६)

😂 बोला, बोला. वाचून रायलो.

गवळाऊ_आर्वी (रविवार, रात्री १०:०२)

चांगला धागा. पशुसंवर्धनात नोकरी गेली, त्यामुळे या कंपनीकडे मी बैलांच्या वाटेनं आलो. थोडी भर घालतो.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ चा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीनं रास वृषभ. म्हणून चिन्हावर बैल. वडिलांची द्राक्षांची शेती. लढाईत हा माणूस ऱ्होड्स बेटावर हवाई दलाच्या गाड्या दुरुस्त करत होता. परत आला तेव्हा इटलीत शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवा होता आणि पेट्रोल परवडत नव्हतं. यानं पेट्रोलवर सुरू होऊन मग स्वस्त इंधनावर चालणारं इंजिन जमवलं. पैसा त्यातून आला, मोटारी नंतर.

गाड्यांच्या नावांबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. प्रत्येक नाव बैलाचं नाही. मिउरा हे बैल पाळणाऱ्या घराण्याचं नाव, आपण अमक्या पाटलाची जोडी म्हणतो तसं. इस्लेरो हा त्या घराण्याचा बैल, त्यानं १९४७ मध्ये मानोलेते या नामांकित बैलझुंजकाराचा जीव घेतला. उरुस म्हणजे रानबैल, आपल्या सगळ्या गुरांचा पूर्वज. काउंटाकचा मात्र बैलाशी काही संबंध नाही. पिएमाँटकडच्या बोलीत तो आश्चर्याचा उद्गार आहे.

पांदणरस्ता (रविवार, रात्री १०:०९)

म्हंजे काका, आपल्या भाषेत ‘आबाबाबा’ नावाची गाडी? 😄

अन् आमी शाळेत काउंटॅच म्हनत होतो.

गवळाऊ_आर्वी (रविवार, रात्री १०:१४)

साधारण तसंच समजा.

पांदणरस्ता (रविवार, रात्री १०:३१)

मले काय पायजे ते मी सांगतो. मले स्तेरातो पायजे. हुराकानचीच, पन ४४ मिलिमीटर उंच केलेली, चाकावर टोप्या, छतावर हवेचं तोंड, समोर दिवे. मातीत चालवाले बनवलेली व्ही-१०! कंपनीनं फक्त १४९९ बनवल्या अन् दुकान बंद केलं. अरे, जगात सगळ्यात खुशीची गाडी तुमीच बनवली अन् तुमालेच समजलं नाई.

सुपरकार म्हनलं का जमिनीले घासनारी, हे कोनं ठरवलं? आमच्या पांदनीत पोळ्याच्या टायमाले बैलबंडीचा आख टेकते. तिथं स्तेरातो चालनार नाई हे मले बी समजते, काळ्या मातीत तं रनगाडा फसन. पन निदान इचार तरी केला ना कोनीतरी, का रस्ता संपल्यावर बी दुनिया असते.

तेमेरारियोची स्तेरातो काढा. हेच माह्यं मागनं.

वऱ्हाडी_व्होल्ट (रविवार, रात्री ११:०५)

इथं सगळे आवाजाच्या प्रेमात आहेत म्हणून मुद्दाम उलटं बोलतो. मूळ यवतमाळचा, सध्या पुण्यात मोटर कंट्रोलरचं काम करतो.

विजेची मोटर पहिल्या फेरीपासून पूर्ण जोर देते. पिस्टन इंजिनाला तो जोर गोळा करायला फेऱ्या चढाव्या लागतात, टर्बोला तर आधी धूर लागतो. रेवुएल्तो आणि तेमेरारियोत पुढच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटरी आहेत, इंजिनापासून पुढं जाणारा शाफ्टच नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी जोर देता येतो, तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत. ट्रॅक्टरवाले एका बाजूचा ब्रेक दाबून शेताच्या कडेला वळवता ना? तीच युक्ती, फक्त ब्रेक न दाबता.

आणखी एक गंमत. रेवुएल्तोच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही. मागं जायचं काम मुख्यतः पुढच्या मोटरी करतात.

सावजी_रस्सा (रविवार, रात्री ११:०९)

रिव्हर्स नाही?? नऊ कोटीची गाडी अन् मोटरीनं ढकलून मागं घ्याची? आमच्या मालवाहू ऑटोले बी हाय ना भौ रिव्हर्स!

वऱ्हाडी_व्होल्ट (रविवार, रात्री ११:१२)

गिअर नाही म्हणजे वजन वाचलं, हे लक्षात घ्या की. 🙂 माझं मत: अर्धवट थांबू नका. एक पूर्ण विजेची गाडी आणाच, आणि ती इतकी चांगली करा की लोकांनी व्ही-१२ चं नाव काढू नये.

रात्रीची_लाईन (सोमवार, पहाटे २:४०)

विजेच्या गाडीचा धागा मी विजेची वाट पाहत वाचून राहिलो. आमच्या फीडरवर मोटरपंपाची लाईन रात्री एकला येते. आता ओलित करून बसलो आहे, पाय चिखलात, फोन हातात.

लॅम्बोर्गिनीनं विजेची गाडी काढली तर चार्जिंग रात्री एक ते सकाळी नऊ. बाकीच्या वेळी बैल जुंपा, तसंही चिन्हावर आहेच.

डिझेलधूर (सोमवार, सकाळी ७:५५)

@रात्रीची_लाईन 😂😂 सापविंचू पाहून चाला भाऊ.

गमतीचा भाग सोडा, पण उन्हाचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. माझ्या विजेच्या स्कूटरनं मागच्या उन्हाळ्यात वर्ध्याहून येताना अर्ध्या वाटेत लाल दिवा दाखवला आणि वेग निम्म्यावर आणला. बॅटरी गरम झाली म्हणे. मी तिला बाभळीच्या सावलीत उभी केली, ओलं दुपट्टं टाकलं, वीस मिनिटं शेजारी बसून राहिलो. माणसाला ऊन लागल्यावर करतो तसंच.

वऱ्हाडी_व्होल्ट (सोमवार, सकाळी ९:२०)

@डिझेलधूर, स्कूटरच्या बॅटरीला बहुतेक वेळा फक्त हवेनं गार व्हावं लागतं. मोटारींच्या मोठ्या बॅटरीत पाणी-कूलंट फिरतं आणि एसीची मदत मिळते. तुलना बरोबर नाही. दुपट्ट्याची युक्ती मात्र आमच्या लॅबमध्ये सांगतो.

धुरकरी_तळेगाव (सोमवार, दुपारी १:१५)

मी कारवाला मानूस नाई. पोरानं धागा दाखवला, बैलाचं नाव वाचून आलो. आमच्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हंजे बैलजोड्यायची शर्यत, तुमाले ठाऊकच असन. मधात कोर्टाच्या बंदीनं २०१४ पासून पट बंद पडले होते, तवा जोड्या लोकायनं मातीमोल इकल्या. आमी इकली नाई.

तुमी अश्वशक्ती अश्वशक्ती करून रायले. मी वजनाचं सांगतो. पटाच्या गाडीत काय असते? दोन चाकं, दांडी, जू अन् धुरकऱ्याले, म्हंजे हाकनाऱ्याले, टेकाले बोटभर जागा. माह्ये बावा म्हनत, गाडीवर जे हाय ते बैलाच्या खांद्यावर हाय. मागच्या साली म्या बाभळीचं जू काढलं अन् सागाचं बसवलं. दुकानातल्या काट्यावर दोन्ही जू ठेवून पायले, साडेतीन किलोचा फरक. बैल तेच, धुरकरी तोच, खुराक तोच. घड्याळात फरक दिसला. थोडासाच दिसला, पन पटात हार-जीत तेवढ्यातच होते.

बैलाले ढेप जास्त चारून तो पयत नाई, जड होते. तुमच्या गाडीचं वजन किती हाय ते सांगा पयले, मंग बोलू.

क्लचप्लेट_कारंजा (सोमवार, दुपारी २:०५)

काका, माझ्या मनातलं बोललात. आता माझं मत सांगतो.

हुराकानचं कोरडं वजन, म्हणजे तेल-पाणी न धरता, १४२२ किलो होतं. तेमेरारियोचं १६९० आहे. फरक २६८ किलो. पावणेतीन क्विंटल! कापसाच्या गाठीचं वजन साधारण १७० किलो धरतात, म्हणजे दीड गाठ छतावर बांधून गाडी पळवायची. ताकद ९२० अश्वशक्ती केली म्हणून घड्याळात ती पुढंच राहील, मान्य. पण मग पुढच्या गाडीत आणखी बॅटरी, आणखी वजन, म्हणून आणखी ताकद. जड बैलाला आणखी ढेप.

मला या कंपनीकडून ताकद नको. १२०० किलोची एक गाडी पाहिजे. मोठं इंजिन, मागच्या चाकांना जोर, पडदे-बिडदे कमी, आणि बॉनेट किंवा मागचं झाकण उघडलं की इंजिन दिसलं पाहिजे. मिउरात १२ सिलिंडरचं इंजिन माणसांच्या पाठीमागं आडवं ठेवलं होतं आणि इंजिन-गिअरबॉक्सचं खोकं एकाच ओतकामात. जागा वाचवायला केलेली कसरत होती ती. १९६५ मध्ये तुरिनला त्यांनी नुसता सांगाडा दाखवला, वर पत्रा नव्हता, तरी लोकांनी गर्दी केली म्हणतात. आज नुसता सांगाडा दाखवायची हिंमत कोणाची आहे?

सीए_अकोला (सोमवार, संध्याकाळी ६:४०)

सगळं वाचलं. भावना पोचल्या. आता वहीखातं.

२०२४ मध्ये कंपनीनं १०,६८७ गाड्या दिल्या. दहा हजारांचा आकडा पहिल्यांदा ओलांडला २०२३ मध्ये. यातल्या निम्म्याहून जास्त उरुस आहेत, म्हणजे आपल्या धागाकर्त्याच्या अंगावर काटा न आणणारी तीच गाडी. ती नसती तर व्ही-१२ कधीच संग्रहालयात गेला असता.

शुद्ध स्वप्नांवर चालली तेव्हा या कंपनीचं काय झालं तेही पाहा. संस्थापकानंच १९७२ मध्ये ५१ टक्के हिस्सा विकला, १९७४ मध्ये उरलेला. १९७८ मध्ये दिवाळं. मग मिमरान बंधू, १९८७ मध्ये क्रायस्लर, मग इंडोनेशियाचे मालक, आणि १९९८ मध्ये आउडी. आपल्याकडच्या सूतगिरण्यांनीही इतके हात बदलले नसतील. लोकांना काउंटाक आठवते, त्या काळातले थकलेले पगार कोणाला आठवत नाहीत.

१२०० किलोची गाडी म्हणजे कार्बन फायबर, म्हणजे पैसा. तो पैसा उरुस देते. दुभती म्हैस गोठ्यात आहे म्हणून पटाची जोडी पोसता येते, हे धुरकरी काकांना विचारा.

धुरकरी_तळेगाव (सोमवार, संध्याकाळी ७:०२)

हे खरं हाय. आमच्या घरी दोन म्हशी हायेत. बायको रोज आयकवते.

पांदणरस्ता (सोमवार, संध्याकाळी ७:१०)

@सीए, पन उरुस काई पयली नाई. १९८६ मधी एलएम००२ होती ना. डोंगराएवढी जीप अन् आत काउंटाकचा व्ही-१२. टाकी २९० लिटरची! आमच्या गावात पान्याचा टँकर येते त्याच्यापेक्षा थोडीच लहान. 😄 ती येडी होती, पन लॅम्बोर्गिनी होती. उरुस तशी वाटत नाई, कारन तिच्या खालचा सांगाडा आउडी-पोर्शेच्या गाड्यायले बी हाय. धंद्यासाठी मोठी गाडी काढाच, पन येडी काढा.

वाशीमची_सून (सोमवार, रात्री ९:३०)

सगळे बाप्ये बोलताहेत म्हणून मीही बोलते. 🙂

माझी मागणी एकच: क्लच आणि हातानं टाकायचा गिअर. यांच्याच जुन्या मुर्सिएलागोमध्ये होता, गायार्दोमध्ये होता. हुराकान आली तेव्हा तो पर्यायच काढून टाकला. आकड्यांत दोन क्लचचा आपोआप गिअरबॉक्स वेगवान, माहीत आहे. पण मला शर्यत कुठं जिंकायची आहे?

सासरी आल्यावर मी ट्रॅक्टर शिकले. यांना पाठीचा त्रास सुरू झाला आणि पेरणी तोंडावर आली होती, पर्यायच नव्हता. पहिल्या दिवशी क्लच सोडताना ट्रॅक्टर असा उसळला की मागं पेरणीयंत्रावर बसलेल्या सासूबाई ‘अगं बाई’ म्हणून खाली उतरून पायीच चालू लागल्या. आठ दिवसांनी पाय शिकला. क्लच कुठं धरतो ते तळव्याला कळतं, डोक्याला सांगावं लागत नाही. आता काकरीच्या शेवटी वळवताना मी पेडलकडे पाहतसुद्धा नाही. ती जी मजा आहे ती काढून घेऊन वर मला सांगता की गाडी जास्त चांगली झाली!

पोर्शे अजून ९११ च्या काही गाड्यांना हाताचा गिअर देते. म्हणजे घेणारे आहेत.

अवांतर: आमच्या ट्रॅक्टरचा क्लच सध्या भरल्या ट्रॉलीला घसरतो. चढावर इंजिन ओरडतं आणि ट्रॅक्टर जागेवर. @क्लचप्लेट भाऊ, काय असेल?

क्लचप्लेट_कारंजा (सोमवार, रात्री ९:४१)

ताई, आधी पेडल हातानं दाबून पाहा. पहिले दोन बोटं ते मोकळं गेलं पाहिजे, मग जोर लागला पाहिजे. मोकळं जातच नसेल तर क्लच कायम अर्धा दाबलेलाच आहे असं समजा. बघून कळवा. आणि चालवताना पाय पेडलवर ठेवून कोण बसतं, तेही पाहा.

वाशीमची_सून (सोमवार, रात्री ९:४४)

कोण ठेवतं ते माहीत आहे. दीर.

डिझेलधूर (सोमवार, रात्री १०:१०)

क्लचवरून आठवलं. फेरुच्चोची फेरारी होती, तिचा क्लच सारखा जायचा, तो तक्रार घेऊन एन्झो फेरारीकडे गेला आणि एन्झो म्हणाला, तू ट्रॅक्टर चालव. मग यानं चिडून स्वतःचा कारखाना काढला. म्हणजे एका क्लचप्लेटीवरून लॅम्बोर्गिनी जन्माला आली! धागाकर्त्यानं नाव बरोबर घेतलंय.

सीए_अकोला (सोमवार, रात्री १०:२२)

ही गोष्ट जो तो आपल्या मनानं रंगवतो. क्लचच्या तक्रारीचं फेरुच्चोनं स्वतः म्हातारपणी मुलाखतीत सांगितलंय, पण नेमके शब्द काय झाले हे त्या खोलीतलेच जाणोत. आणि नुसत्या रागावर कारखाना उभा राहत नाही. ट्रॅक्टरपेक्षा महागड्या मोटारीत नफा जास्त, हे त्या माणसाला नक्की कळत होतं.

सावजी_रस्सा (सोमवार, रात्री १०:२५)

सीए साहेब, तुमी लग्नात बी आहेराची बेरीज करत असान.

सीए_अकोला (सोमवार, रात्री १०:२६)

करतो. वहीत लिहूनही ठेवतो.

वऱ्हाडी_व्होल्ट (सोमवार, रात्री ११:३०)

वजनाबद्दल एक दुरुस्ती. रेवुएल्तो आणि तेमेरारियो या दोन्ही हायब्रिड (इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या) गाड्यांत बॅटरी फक्त ३.८ किलोवॅट-अवरची आहे. नुसत्या विजेवर गाडी जेमतेम गाव ओलांडेल. सगळा दोष बॅटरीचा नाही. तेमेरारियोत तीन मोटरी, दोन टर्बो, त्यांचे कूलर, आणि मुळात गाडीच मोठी झाली आहे. उंच माणसाला हेल्मेट घालून बसता यावं म्हणून छत वाढवलं. म्हणजे गिऱ्हाईक जाडजूड झालं, त्याचं वजनही धरा.

युरोपात नियम आहेत, धूर मोजला जातो. २०३५ पासून धूर सोडणाऱ्या नव्या मोटारी बंद करायचा नियम २०२३ मध्ये मंजूर करताना त्यांनी कृत्रिम इंधनाची फट ठेवली, पण त्या फटीतून किती गाड्या जातील कोण जाणे. तुम्हाला व्ही-१२ जिवंत हवा असेल तर त्याच्या शेजारी मोटर बसवावीच लागेल. कपाशीत तूर लावता ना? एक पीक गेलं तर दुसरं हात देतं.

क्लचप्लेट_कारंजा (सोमवार, रात्री ११:४२)

कपाशीत तूर चालते. पण तुरीच्या सात ओळी आणि कपाशीची एक झाली तर त्या वावराला काय म्हणायचं?

तरी मान्य करतो, १०,००० फेऱ्या मारणारा टर्बो व्ही-८ बनवणं ही लहान गोष्ट नाही. माझ्या गॅरेजात २२०० फेऱ्यांचे डिझेल येतात, तिथून पाहिलं तर ते इंजिन दुसऱ्या ग्रहावरचं वाटते.

गवळाऊ_आर्वी (मंगळवार, सकाळी ६:५०)

वजनाच्या चर्चेवरून आमच्याकडच्या बैलांच्या जातीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गवळाऊ हा अंगानं हलका, पांढरा, लांब पायाचा बैल. माल वाहून झपाझप चालण्यासाठी त्याची ख्याती. पुढं लोकांना दूध हवं झालं, संकर झाला, ट्रॅक्टर आले, आणि शुद्ध गवळाऊ वर्धा जिल्ह्याच्या दोन-तीन तालुक्यांत शोधावा लागतो. हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रावर जात टिकवण्याचं काम चालतं. सगळे गुण एकाच जनावरात आणायला गेलं की जात जाते, हे मी चाळीस वर्षं पाहिलं. दूध पाहिजे तर दुधाची गाय वेगळी ठेवा. कंपनीनंही उरुस वेगळी ठेवावी आणि एक जात शुद्ध ठेवावी. मग ती वर्षाला शंभरच निघाली तरी चालेल.

बाकी फेरुच्चो शेवटी उंब्रियात शेतीकडेच परतला, त्रासिमेनो तळ्याकाठी द्राक्षं लावली. त्याच्या वाइनलाही ‘मिउराचं रक्त’ असं नाव पडलं होतं. ट्रॅक्टरचा कारखाना १९७३ मध्ये साम या इटालियन ट्रॅक्टर कंपनीकडे गेला. ते ट्रॅक्टर आजही निघतात. त्याच समूहाचा एक कारखाना आपल्याकडे तामिळनाडूत राणीपेटला आहे.

पांदणरस्ता (मंगळवार, सकाळी ८:१५)

म्हंजे लॅम्बोर्गिनीच्या घरचं इंजिन तामिळनाडूत? क्लचप्लेट भौ, चाल, बस पकडू.

सावजी_रस्सा (मंगळवार, सकाळी ९:००)

पोळा चार दिवसांवर आला, म्हनून माह्याकडून एक झडती, म्हंजे पोळ्यात म्हनाचं गानं. कोनी चोरू नका.

वावर वावर काळं वावर,
वावरात चाले लोखंडी नांगर,
नांगरामागं इटलीचा पाटील,
गाडी इकली कोटीले, बैल इकल कसा?
बैल बसला चिन्हावर, दाढी काळी मिसा,
पेट्रोल भराले मालकाचा रिकामा खिसा,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

डिझेलधूर (मंगळवार, सकाळी ९:०४)

हर हर महादेव! बैलाला दाढी कुठून आली रे?

सावजी_रस्सा (मंगळवार, सकाळी ९:०५)

यमकासाठी ठेवली. पोळ्यानंतर भादरून टाकीन.

वाशीमची_सून (मंगळवार, दुपारी १२:२०)

आमच्याकडं तान्ह्या पोळ्याला मुलगा लाकडी नंदी नेतो. मागच्या वर्षी त्यानं नंदीच्या मागं दोरीनं आपली खेळण्यातली पिवळी लॅम्बोर्गिनी बांधली होती. बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, बैल पुढं आणि गाडी मागं हे बरोबर आहे, पण गाडीला सजावट नाही.

रात्रीची_लाईन (बुधवार, पहाटे ३:१०)

मूळ प्रश्नावर अजून मी बोललोच नाही. मला या कंपनीकडून काही नको. फक्त आवाज बंद करू नका. समृद्धीवरून रात्री दोन-तीनला कधीमधी अशी गाडी जाते. गाडी दिसत नाही, दूरवर दिव्याची रेघ दिसते. रस्ता माझ्या वावरापासून दीड किलोमीटर असेल. आधी काहीच नाही, मग रातकिड्यांच्या आवाजाखालून एक सूर चढत येतो, गिअर बदलला की तुटतो, पुन्हा चढतो. मी मोटरपंपाजवळ उभा राहून तो संपेपर्यंत ऐकतो. १२० ची मर्यादा आहे तिथं, तो मोडतो हे उघड आहे, चूकच आहे. पण मी ऐकतो.

विजेची झाली तर ती गेल्याचं मला कळणारही नाही.

वऱ्हाडी_व्होल्ट (बुधवार, सकाळी ८:४०)

@रात्रीची_लाईन, यावर माझ्याकडं उत्तर नाही. स्पीकरमधून आवाज काढतात काही जण, पण ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

क्लचप्लेट_कारंजा (बुधवार, रात्री ८:५०)

पहिल्या पोस्टमध्ये एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी उरुस पंपावर उभी होती तेव्हा आमचे बाबाही आले होते. त्यांना गाड्यांमध्ये काडीचा रस नाही. ते वाकून पुढचं चिन्हच पाहत राहिले. हात मागं बांधलेले, बाजारात जनावर पाहतात तसे. मान खाली घातलेला बैल, शिंगं पुढं, शेपटी वर. मालकानं हसून विचारलं, ‘काय पाहता बाबा?’

बाबा म्हणाले, ‘याले वेसन नाई.’

मालकाला वेसण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी समजावून सांगितलं. तो जरा वेळ चिन्हाकडं पाहत राहिला. मग पैसे देऊन गेला.

धुरकरी_तळेगाव (बुधवार, रात्री ९:०५)

बाबाले माह्या राम राम सांगजा.

वाशीमची_सून (बुधवार, रात्री ९:३३)

क्लचप्लेट भाऊ, आज पेडल पाहिलं. दोन बोटं सोडा, अर्धं बोटही मोकळं जात नाही.

क्लचप्लेट_कारंजा (बुधवार, रात्री ९:३८)

मग प्लेट जळायच्या आधी उद्याच आणा ताई. रॉड ॲडजस्ट करून पाहतो, तेवढ्यावर भागलं तर प्लेटीचा खर्च वाचेल. भरली ट्रॉली जोडून आणू नका. आणि उद्याच या, पोळ्याला दोन दिवस गॅरेज बंद आहे.

सावजी_रस्सा (बुधवार, रात्री ९:४०)

दिरालेच चालवत आनाले सांगा. पाय कुठं ठेवाचा ते भौ शिकवन.